सहाणेवर उगाळलेली गोळी

सुरुवातीलाच एक घाणेरडी गोष्ट सांगून टाकते, म्हणजे नाजूक मंडळींना इथूनच मागे फिरता येईल. गोळी सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी संडासात मला माझी गोळी दिसली. अख्खीच्या अख्खी. आदल्या दिवशी पाण्याबरोबर गिळलेली, तोच लांबुळका आकार, तोच रंग. फ्लश करायचं सोडून मी बघतच राहिले आणि मग मला रडूच फुटलं. बेचाळीस वर्षांनी एक औषध सापडलं होतं, आणि माझं मेलं पोट तेही घ्यायला तयार नव्हतं.

ही गोष्ट सांगायची कोणाला? डॉक्टर विचारतात, झोप कशी आहे, भूक कशी आहे. संडासात काय दिसलं हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. म्हणून लिहितेय. तुमचीही गोळी अशी बाहेर पडली आणि घरात विचारायला कोणी नसेल, तर निदान मी जे केलं ते तुम्ही करू नका.

हुशार आहे, पण

मी भाईंदर पश्चिमेला एका खोलीच्या घरात एकटी राहते. लग्न झालं नाही. दोनदा ठरत आलं आणि दोन्ही वेळा मोडलं, त्यातल्या एकदा तर मी बघायच्या कार्यक्रमाचा दिवसच विसरले होते. एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोंदणीचं काम करते. माणूस येतो, रक्त देतो, मी नळीवर त्याच्या नावाची पट्टी चिकटवते. काम सोपं वाटतं ना? मी दोनदा पट्ट्यांची अदलाबदल केली. दोन्ही वेळा रिपोर्ट जायच्या आत चूक पकडली गेली. दुसऱ्या वेळी साहेब ओरडले नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या वेळी मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकावर सगळे जोडीने बसले होते, कोणाबरोबर नवरा, कोणाबरोबर बहीण. माझ्या शेजारी माझी पर्स. डॉक्टर बाईंनी दोन भेटींत खूप प्रश्न विचारले. दुसऱ्या भेटीला लहानपणचं सांगणारं कोणीतरी घेऊन या म्हणाल्या. मी म्हटलं, आई आजारी आहे. साफ खोटं. आई तेव्हा उत्तनला बोंबील वाळत घालत ठणठणीत उभी होती. आईऐवजी मी शाळेची प्रगतिपुस्तकं नेली. पहिलीपासून दहावीपर्यंत बाई बदलल्या, शेरा बदलला नाही: हुशार आहे, पण लक्ष नसते.

डॉक्टर बाईंनी ते सगळे शेरे वाचले आणि म्हणाल्या, "तुम्हाला एडीएचडी आहे. लक्ष टिकवण्याची अडचण. लहानपणापासून आहे. तुम्ही आळशी नाही आहात."

शेवटच्या वाक्याला मी हसले. इतकी वर्षं ज्या शिव्या खाल्ल्या, त्या एका वाक्यात परत घेतल्यासारख्या वाटल्या, पण त्या देणाऱ्यांपैकी समोर कोणी नव्हतं. औषधाची भीती वाटते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नवीन नाही हो हे औषध. तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे." ते वाक्य तेव्हा मी धीर म्हणून घेतलं.

शांतता

पहिल्या दिवशी गोळी घेऊन कामावर गेले. दुपारपर्यंत एकही पट्टी पुन्हा छापावी लागली नाही. एक फॉर्म वाचायला घेतला की तो संपेपर्यंत मी त्या फॉर्मवरच होते. तुम्हाला यात काय विशेष असं वाटेल. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी चष्मा दिल्यासारखं झालं.

घरी आले आणि दुसरी गोष्ट कळली. माझ्या डोक्यात दिवसभर एक बाजार चालू असायचा. गाणी, भांडणं, उद्याचं, परवाचं, कोण काय बोललं. तो बाजार उठला होता. आणि तो उठल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं की या घरात कोणीच नाही. नळ ठिबकतोय, फ्रीज घुरघुरतोय, बाकी काही नाही. इतकी वर्षं मी एकटी राहतेय हे मला माहीत होतं, पण त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता.

आणि भूक मेली. अगदी ठार. दुपारी डबा उघडायचे आणि पोळी बघूनच मळमळायचं. रात्री गोळीचा जोर उतरला की चार घास जायचे. दोन महिन्यांत कपडे सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

आये

आईला आम्ही आये म्हणतो. आये उत्तनच्या कोळीवाड्यात माझ्या भावाकडे असते. दर रविवारी बसने माझ्याकडे येते, आणि येताना डबा आणते. आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे शाकाहारी. म्हणून तो डबा तीन पिशव्यांत गुंडाळून, वरून झेंडूची फुलं ठेवून, देवळातून आल्यासारखी ती जिना चढते. मग दार लावून, खिडक्या बंद करून, आम्ही दोघी चोरासारख्या जेवतो. आठवड्यात तेवढंच एक जेवण मी कोणाबरोबर जेवते.

आये कधी "कशी हायस" विचारत नाही. "जेवलीस का" विचारते. त्यातच सगळं आलं.

मग मी तिला गोळीचं का नाही सांगितलं? बाबांमुळे. बाबा होडीवर होते. भला माणूस, पण चित्त ठिकाणावर नाही. एकदा समुद्रात नांगर टाकताना दोराचं दुसरं टोक होडीला बांधायलाच विसरले. नांगर गेला तळाशी. नाखव्याने त्यांना होडीवरून उतरवलं ते कायमचं. पुढे मरेपर्यंत ते किनाऱ्यावर बसून लोकांची जाळी विणत राहिले. पोरं त्यांना हाक मारायची, "ओ नांगर!" आणि घरात आये. आयेच्या तोंडाला तेव्हा दम नसायचा. "या मानसाचे डोक्यान काय भरलंय, देव जाने." मी काही हरवलं, सांडलं, विसरलं की ठरलेलं वाक्य: "बापसावर गेलीस." बाबा ते ऐकून खाली मान घालायचे. मी पण.

तर त्या आयेला मी काय सांगू, की डोक्याच्या डॉक्टरकडे जातेय? मी सांगितलं, शक्तीची गोळी आहे.

शहाणपणा

गोळी अख्खी दिसल्यावर मी शहाण्यासारखं डॉक्टरांना फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी मोबाइल उघडला. गोळीने लक्ष लागायला लागलंच होतं, ते सगळं मी चुकीच्या जागी लावलं. परदेशातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. कोणी म्हणत होतं, आंबट फळं खाल्ली की औषध शरीरात टिकत नाही. कोणी म्हणत होतं, पचन कमजोर असेल तर औषध वाया जातं, पाचक एन्झाइम घ्या, माझं आयुष्य बदललं.

खालच्या मेडिकलवाल्या भाईंना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, आप खाना ही नहीं खाते, तो पेट में गोली कैसे गलेगी? ये एन्झाइम का सिरप लो, दो चम्मच, खाने के बाद." मी म्हटलं, "खाना ही तो नहीं होता." ते म्हणाले, "तो खाने के पहले लो." वा! मी आधीही घेतलं आणि नंतरही. गोळी अख्खी ती अख्खीच.

आणि मी आंबट सोडलं. आंबट म्हणजे आमच्यात लिंबू-संत्रं नाही, आंबट म्हणजे कालवण. कोकमं घातलेलं माशाचं आंबट. रविवारी आयेने डबा उघडला, बोयटांचं आंबट होतं, मला लहानपणापासून आवडतं ते. मी म्हटलं, "मला नको. नुसता भात दे."

ती थांबली. "आंबट नको?"

"आंबटाने गोळी पचत नाही."

"माझे आंबटाने?" ती म्हणाली. दोघींचं कालवण एकटी जेवली नाही, झाकून परत नेलं. मी खिडकीतून बघितलं, बसस्टॉपवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं धावत खाली जावं. गेले नाही. एक गोष्ट सांगितली की सगळ्याच सांगाव्या लागल्या असत्या.

पुढच्या दोन रविवारी ती आली नाही. भावाचा निरोप: गुडघा दुखतोय. त्या दोन रविवारी मी दिवसभरात एक केळं खाल्लं.

सहाण

तिसऱ्या शनिवारी मीच फोन केला. काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, "आये, कालवणाचं काही नाही गो. ही शक्तीची गोळीच पोटात विरघळत नाही. अख्खी पडते."

पलीकडे तिचा आवाज एकदम जागा झाला. तिला करण्यासारखं काम मिळालं होतं. "अख्खी पडते, आन मना आता सांगतेस? मी येते उद्या."

रविवारी आठ वाजता दारात. हातात डबा नव्हता, पिशवीत सहाण होती. आमची बाळगुटीची सहाण. तिच्यावर आयेने आम्हा दोघा भावंडांना हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून चाटवलं, भावाच्या पोरांनाही. आमच्याकडे पोटात न उतरणारं काहीही असो, त्याला एकच उपाय: उगाळा आणि पेजेत घाला. आजोबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या सगळ्या गोळ्या तिने अशाच दिल्या होत्या.

"आण ती गोळी."

मी दिली. दोन महिने रोज औषध घेणारी, लॅबमध्ये काम करणारी बाई मी, आणि मी दिली! खरं सांगू? तिने परत माझ्यासाठी काहीतरी हातात घेतलं होतं, ते मला मोडायचं नव्हतं.

आधी तिने बत्त्याने कवच फोडलं, मग थेंब थेंब पाणी घालत उगाळली. गरम पेज, मीठ, त्यात ते. समोर बसून सगळी पाजली. दोन महिन्यांत सकाळी माझ्या पोटात पहिल्यांदा काही गेलं. मला छान वाटलं, हे पण लिहायला हवं.

तासाभराने छाती धडधडायला लागली. आधी वाटलं जिना चढल्यासारखं, पण मी बसलेली होते. मग हात थरथरायला लागले, जबडा आवळला, कानात ढोल. मी आयेला म्हटलं, "मला दवाखान्यात ने." ती रिक्षा थांबवायला रस्त्याच्या मध्ये उभी राहिली.

खाटेच्या पायाशी

हॉस्पिटलमध्ये छातीला तारा लावल्या, हाताला पट्टा. एक तरुण डॉक्टर आला. "सकाळपासून काय काय घेतलंत?"

आये पुढे झाली. तिने पिशवीतून, टॉवेलात गुंडाळलेली सहाण काढून खाटेवर ठेवली. मला माहीतच नव्हतं, तिने ती बरोबर घेतली होती, पुरावा म्हणून. "साहेब, शक्तीची गोळी हाय. यावर उगाळून दिली. मीच दिली."

डॉक्टरने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठली गोळी?"

मला नाव सांगावं लागलं. कशासाठी, किती दिवस, कोणाकडून, सगळं. खाटेच्या पायाशी आये उभी होती. डॉक्टर म्हणाला, "अहो, ही गोळी दिवसभरात थोडी थोडी सुटायला बनवलेली असते. फोडली की सगळं औषध एकदम अंगात. चावायचीसुद्धा नाही ही." संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू म्हणाला आणि गेला.

आये म्हणाली, "शक्तीची न्हाय ती?"

"नाही आये. डोक्याची आहे."

"मी माझे हातान उगाळली गो," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. खोटं मी बोलले होते आणि पाप तिच्या माथी गेलं होतं. मी फक्त पाय पुढे केला आणि तिला लावून ठेवला.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी आल्या. "आजी, हा दगुड खाली ठेवा बघू, कोणाच्या पायावर पडला तर आणखी एक पेशंट." मग त्यांनी आपल्या वाटचा चहा आयेला दिला. नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही कोणी त्या असाल तर, मावशी, तो चहा मी विसरलेले नाही. आणि विसरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तुम्हाला आता कळलंच असेल.

दुपारनंतर धडधड उतरली. संध्याकाळी सोडलं.

शिंपला

चार दिवसांनी डॉक्टर बाईंकडे गेले, या वेळी आये बरोबर. बाकावर आम्ही जोडीने बसलो. मी सगळं सांगितलं, संडासापासून सहाणेपर्यंत. बाई रागावल्या नाहीत, पण फोन न केल्याबद्दल चांगलंच सुनावलं. मग समजावलं, ते माझ्या गोळीपुरतं लिहिते. तुमची वेगळी असेल, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझ्या गोळीचं वरचं कवच विरघळायचं नसतंच. आतलं औषध एका बारीक भोकातून दिवसभर झिरपतं आणि रिकामं कवच बाहेर पडतं. म्हणजे मला दिसली ती गोळी नव्हतीच, तिचं टरफल होतं. पाचक एन्झाइम अन्न पचवायला, त्यांचा या कवचाशी संबंध नाही. माझं पचन चांगलं होतं, ते सिरप बंद करा म्हणाल्या. आणि आंबटाची ती सगळी चर्चा दुसऱ्याच जातीच्या औषधाबद्दल होती, माझ्या नाही.

"म्हणजे कोकम चालतं?" मी विचारलं.

"खुशाल खा. खा मात्र. गोळीच्या आधी पोटभर खा, तेव्हा भूक जिवंत असते."

आये इतका वेळ कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे तिसऱ्यांचा शिंपला. आतलं खायाचं, शिंपला टाकायचा." डॉक्टर बाई म्हणाल्या, याहून चांगलं मलाही सांगता येत नाही.

मग त्यांनी आयेला माझं लहानपण विचारलं. आयेने सांगितलं. एक चप्पल घालून शाळेत गेलेली, मीठ आणायला जाऊन समुद्र बघत बसलेली. आणि सवयीने शेवटी म्हणाली, "बापसावर गेलीय."

"असतं असं बऱ्याचदा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "घराण्यात चालत येतं."

परतताना बसमध्ये आये खिडकीबाहेर बघत होती.

होडी सुटायच्या आधी

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. मला वाटलं कोणी गेलं की काय.

"ऊठ. भात लाव," आये.

"आत्ता?"

"होडीवरची मानसं कवा जेवतान? पानी लागलं की भूक मरते. म्हनून होडी सुटायचे आधी जेवतान. तुझा बापूस चार वाजता भाकर आन आंबट खाऊन जायाचा. तुझी होडी आठला सुटते. ऊठ."

तेव्हापासून हेच चाललंय. रविवारी ती आठवड्याचं कालवण आणून ठेवते, फ्रीजमध्ये, खाली लपवून. मी पहाटे उठते, भात लावते, फोन स्पीकरवर ठेवते. ती तिकडे बोंबलाच्या जुड्या बांधत असते, मी इकडे जेवते. दोघी फार बोलत नाही. ताटाचा आवाज तिला ऐकू जातो, तेवढं तिला पुरतं. मग आठ वाजता गोळी, अख्खी, पाण्याबरोबर. बांगड्या आता मनगटाच्या जवळ आहेत. तिसरी चूक अजून झालेली नाही. फोन ठेवल्यावर घर पुन्हा तसंच गप्प होतं. त्यावर गोळी नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी जेवत होते. तिकडून आये म्हणाली, "बाय, एक सांग. तुझे बापसाचे टायमाला होती का गो ही गोळी?"

माझा घास हातात राहिला. तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे हे औषध. मला डॉक्टर बाईंचा आवाज ऐकू आला आणि त्याच्या मागे आयेचा, या मानसाचे डोक्यान काय भरलंय. आणि खाली घातलेली ती मान.

"नव्हती, आये," मी म्हटलं.

मग तिने एक लांब श्वास सोडला.

"मंग आपन तरी काय करनार होतो," ती म्हणाली. "जेव. थंड होईल."

मी जेवले. ताट स्वच्छ केलं, तिला ऐकू जाईल असं.